बिराजदार सरांची उलटी फिर्याद

बिराजदार सरांकडं रडत जाणाऱ्या पोराला पहिली शिक्षा ही, की त्याला स्वतःचं रडगाणं सांगायला बंदी. "तुझं ठेव बाजूला. त्याचं सांग," म्हणायचे. ज्यानं मारलं, ज्यानं डबा पळवला, ज्यानं बापाच्या नावानं चिडवलं, त्याची बाजू मार खाल्लेल्यानं सांगायची. तीही ‘तो’ म्हणून नाही, ‘मी’ म्हणून. मग नाकाला रुमाल लावलेलं पोरगं हुंदके देत सांगायचं, "मी ह्याला मारलं, कारण ह्यानं माझ्या वहीवर पानी सांडलं आनि वर दात काढले." समोर मारणारा मान डोलवत ऐकायचा. नंतर त्याची पाळी. ह्या प्रकाराला सरांनी ‘उलटी फिर्याद’ असं नाव दिलं होतं. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, ह्या माणसाच्या डोक्यावर ऊन चढलं आहे. सोलापुरात ते कुणाच्याही चढू शकतं.

आमची शाळा यंत्रमागांच्या वस्तीला लागून, आठवी ते दहावीची. मी तिथं गणित शिकवते, सर इतिहास शिकवायचे. म्हणजे शिकवायचे असं आपलं म्हणायचं. इतिहासातली लढाई आली की सर आधी तह शिकवायचे आणि वेळ उरला तर लढाई. वेळ बहुधा उरायचा नाही. आमच्या कित्येक तुकड्यांना कोण कुणाशी लढलं हे माहीत नव्हतं, पण शेवटी कुणी कुणाला काय दिलं हे पाठ होतं. सर मंद्रूपहून रोज एसटीनं यायचे, बुशशर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक कंगवा घेऊन. डोक्यावर केस नव्हते. कंगवा कशाला, असं मी एकदा विचारलं होतं, आमचं बोलणं चालू होतं तेव्हाची गोष्ट. "एखाद्या पोराचं भांडण झालेलं असतंय, केस इस्कटलेले असत्यात. त्याला बोलायच्या आधी भांग पाडायला लावायचं. तेवढ्यात निम्मा राग उतरतो," म्हणाले. मला ते त्या वेळी आवडलं होतं, हे आता कबूल करते.

ही उलटी फिर्याद सरांनी कशी काढली, तीही एक मौज. सरकारी हुकूम आला की मुलांना जीवनकौशल्यं शिकवा. आमची मुलं बारा वर्षांची असताना घरात विड्या वळत होती, धाकटी भावंडं सांभाळत होती, रेशनच्या रांगेत उभी राहत होती. त्यांना जीवन शिकवायला सरांना तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला धाडण्यात आलं. सर एक पिशवी, एक प्रमाणपत्र आणि एक वाक्य घेऊन परत आले. वाक्य असं, ‘जेव्हा तू अमुक करतोस, तेव्हा मला अमुक वाटते.’ भांडण झालं की मुलांनी हे वाक्य वापरायचं, म्हणजे शांतता नांदते. सरांनी प्रामाणिकपणे आठवीच्या वर्गात प्रयोग केला. एका मुलाला उभं केलं. तो फळ्याकडं बघून म्हणाला, "जेव्हा तू माझ्या आईवरून बोलतोस, तेव्हा मला दुःख वाटते." समोरचा म्हणाला, "मग रड की."

सरांनी ते प्रमाणपत्र भिंतीला लावलं आणि वाक्य टाकून दिलं. "असं बोलणाऱ्या पोराला आमच्या गल्लीत दोन जास्तीच्या बसत्यात," असा त्यांचा निष्कर्ष. मग स्वतःच नियम बसवले. साक्षीदार आणायचा नाही, कारण "साक्षीदार आला की खटला झाला. आपल्याला दोघांना एका बाकावर बसवायचं हाय." आधी सॉरी म्हणायचं नाही, कारण "सॉरी म्हंजे वरून टाकायचं मीठ. भाजी शिजायच्या आधी टाकलं तर नुसतं खारट पानी." आणि सगळ्यात मोठा नियम हा, की ज्याची बाजू सांगितली जाते आहे तो शेवटी ‘हां, हे माझं’ म्हणेपर्यंत सांगणाऱ्याची सुटका नाही. नाही म्हणाला, तर उद्या मधल्या सुट्टीत पुन्हा. परवा पुन्हा. मुलं कंटाळून खरं बोलायला लागायची. माझ्या मते तोच त्या पद्धतीचा सगळ्यात भक्कम पाया होता.

एकदा निदा आणि प्रज्ञा नावाच्या दोघी जिवलग मैत्रिणींचं बिनसलं. प्रज्ञानं वाढदिवसाचा व्हॉट्सॲप ग्रुप केला आणि निदाला त्यातून काढून टाकलं. निदाकडं स्वतःचा फोन नव्हता, ग्रुपमध्ये तिच्या आईचा नंबर होता. त्यामुळं प्रत्यक्षात हाकलली गेली ती आई, आणि घरात तिनं दोन दिवस तोंड पाडून भाकरी थापल्या. प्रज्ञाला सरांनी निदा केलं. ती सुरुवातीला फिदीफिदी हसत होती. "मी निदा. मला ग्रुपमधनं काढलं. मला राग आला." निदा म्हणाली, "हे माझं न्हाई." दुसऱ्या दिवशी पुन्हा न्हाई. तिसऱ्या दिवशी प्रज्ञा हळू आवाजात म्हणाली, "मी निदा. अम्मीनं मला विचारलं, तू काय केलंस म्हणून मला काढलं? मी काहीच केलं नव्हतं, पन अम्मीला पटलं न्हाई." निदा रडायलाच लागली. बाजूच्या वर्गात मी मधली सुट्टी खाऊन बीजगणित शिकवत होते आणि माझा वर्ग दाराशी कान लावून बसला होता.

आता गंमत बघा. मुलांची भांडणं सोडवणारा हा थोर गृहस्थ चुलतभावाशी बांधावरून कोर्टात भांडत होता, आणि त्याच्याच टेबलाला टेबल लावून बसणाऱ्या माझ्याशी सहा वर्षं एक शब्द बोललेला नव्हता. मीही बोललेले नव्हते, पण मी कुठं शांततेचं दुकान मांडलं होतं?

झालं होतं ते असं. सहा वर्षांपूर्वीच्या एका शिक्षकसभेत मी काहीतरी बोलले. काय बोलले ते मला आठवत नव्हतं. त्यावर सर सगळ्यांसमोर म्हणाले, "बाईंना गणित येतं. पोरं येत न्हाईत." सगळे हसले. मुख्याध्यापिका, ज्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो, त्यासुद्धा हसल्या. त्या दिवसापासून मी सरांशी अबोला धरला. सरांनीही मनधरणीच्या फंदात न पडता तो इमानेइतबारे पाळला. आमच्या मध्ये निरोप्या म्हणून शाळेचे शिपाई रसूलभाई होते. मी म्हणायचे, "रसूलभाई, सरांना सांगा, पंखा दोनवर करा." दोन फुटांवर बसलेले सर म्हणायचे, "रसूलभाई, बाईंना सांगा, पंखा दोनवरच हाय." रसूलभाई म्हणायचे, "दोनोंने सुन लिया ना? अब मैं जाऊं?"

सर निवृत्त व्हायचे ते वर्ष उजाडलं. त्या पिढीतल्या निम्म्या मास्तरांसारखा त्यांचाही जन्म कागदावर एक जूनचा, म्हणजे एकतीस मेला सुट्टी. मला मनातून जरा हायसंच वाटत होतं. टेबल मोकळं होणार, पंखा माझ्या मर्जीनं चालणार. पण फेब्रुवारीत निदानं घात केला. वर्गात उठून म्हणाली, "सर, तुमी आनि गणिताच्या बाई का बोलत न्हाई? तुमचा नियम तुमाला न्हाई का?" मला हे नंतर कळलं. सरांनी म्हणे डोक्यावरून कंगवा फिरवला आणि खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी आठवी ‘ब’वर समीकरणं सोडवत असताना दारात सर. "येऊ का बाई?" सहा वर्षांतले पहिले तीन शब्द. मला वाटलं, काहीतरी परिपत्रक असेल. "या," मी म्हणाले. ते आत आले, फळ्यापाशी उभे राहिले आणि पोरांकडं बघून सुरू झाले.

"मी गणिताची बाई. सगळ्यांच्या आधी येते, सगळ्यांच्या शेवटी जाते. वह्या घरी नेऊन तपासते. मला कुनी खडूस म्हणालं तर चालतंय. पन शिकवायला येत न्हाई म्हणालं, तर मला सोसत न्हाई. त्या दिवशी बिराजदार सगळ्यांसमोर तेच बोलला. लोकं हसली. मोठ्या बाई बी हसल्या. मी नळापाशी जाऊन एकच कप लई येळ धुतला. कुनी आलं न्हाई. बिराजदारानं खिडकीतनं बघितलं, पन त्यो बी आला न्हाई."

मला संताप आला. एवढं सगळं ह्या माणसाला ठाऊक होतं, कपासकट, आणि सहा वर्षं हा पंख्याच्या बटणाचे निरोप पाठवत बसला! "एवढं कळत होतं, तर इतकी वर्षं तोंड का शिवलं होतं?" मी विचारलं.

"आधी ‘हे माझं’ म्हणा की बाई. मग भांडा."

पन्नास पोरं माझ्या तोंडाकडं बघत होती. मी म्हणाले, "हे माझं." मग माझी पाळी आली. मी सरांच्या जागी उभी राहिले. "मी बिराजदार सर. मी मंद्रूपचा. मला चारचौघांत कोट्या करायची हौस आहे. बाई कडक आहेत, म्हणून मला त्यांचा राग येतो." सर ज्या आवाजात पोरांना म्हणायचे त्याच आवाजात म्हणाले, "न्हाई. हे माझं न्हाई." मी आणखी एकदा खटपट केली. तेही त्यांचं नव्हतं. "शोधा बाई," म्हणाले, "घाई न्हाई. एकतीस मेपतूर हितंच हाय मी." आणि निघून गेले. तेवीस वर्षांच्या नोकरीत माझं उत्तर वर्गासमोर दोनदा चुकलं, ते असं.

मी ठरवलं होतं, शोधायचं नाही. पण आठवी ‘ब’नं मला जगू दिलं नाही. हजेरी घेताना ‘उपस्थित बाई’ऐवजी निदा विचारायची, "बाई, सापडलं का?" शेवटी मी रसूलभाईंना गाठलं. त्यांना विचारलं, त्या सभेत असं झालं तरी काय होतं? ते माझ्याकडं असं बघत राहिले की मलाच लाज वाटली.

"बाई, आप को सच्ची याद नहीं? वो अंबिका की बात थी. कुंभारीवाली."

मला खरंच आठवत नव्हतं. रसूलभाईंनी सांगितलं ते असं. अंबिका कुंभारी गावच्या विडी कामगारांच्या घरकुलातली, तेलुगू घरातली मुलगी. आई विड्या वळायची. सातवीनंतर बापानं शाळा बंद केली होती. सर तिच्या घरी चारचारदा गेले, रसूलभाईंची गाडी घेऊन गेले, बापाची समजूत घातली आणि तिला आमच्या शाळेत आणलं. महिनाभर ती आली. एक दिवस मी तिला फळ्यासमोर उभं करून पाढा विचारला. तिला येईना. मी म्हणाले, "विड्या वळायला पाढे कशाला लागतात? जा, बस." वर्ग हसला. ती बसली आणि दुसऱ्या दिवसापासून आली नाही. सर पुन्हा चारदा कुंभारीला गेले. ती दारामागून बाहेरच आली नाही. त्यानंतर पंधरवड्यानं मुलांच्या गळतीवर सभा झाली. त्या सभेत मी म्हणाले होते, "ह्या वस्तीतल्या मुलांना शिकायचंच नसतं, त्याला आपण काय करणार?"

मी जुनं हजेरीपत्रक काढून पाहिलं. अंबिकाच्या नावापुढं जुलैच्या मध्यापर्यंत हजेरी, पुढं रांगेनं गैरहजेरी, आणि शेवटी लाल शाईत ‘नाव कमी’. सगळं माझ्याच अक्षरात, आणि माझं अक्षर सुरेख आहे. पाढ्याचं वाक्य मला तरीही आठवेना. ह्याचं कारण साधं होतं. तसली वाक्यं मी दिवसातून चारदोन बोलत असे. पोरं हसायची, तास रंगायचा. कोट्या करायची हौस कुणाला होती, हे त्या दिवशी मला समजलं, आणि मला स्वतःची किळस आली.

परीक्षा संपल्या. एप्रिलच्या कडक दुपारी शिक्षकांच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. मी उठून उभी राहिले. "मी बिराजदार सर," म्हणाले. मग सगळं सांगितलं, कुंभारीच्या आठ खेपा, बंद दार, सभा. "मला बाईंचा राग आला, कारण त्या म्हणाल्या की पोरांना शिकायचंच नसतं. माझ्या डोळ्यांपुढं ती पोरगी होती."

सर खाली बघत होते. "हां," म्हणाले, "हे माझं." चष्मा काढून म्हणाले, "पन ह्यात एक राह्यलं बाई. त्या सभेत मी तिचं नाव घेतलं न्हाई. नाव घेतलं असतं, तर तुमी दुसऱ्या दिवशी कुंभारीला गेला असता. तुमी हट्टी हाय, पन गेला असता. मी काय केलं, लोकं हसतील असं एक बोललो आनि खाली बसलो. तुमचा आनि माझा अबोला झाला. पोरीचं राह्यलंच." मग चष्मा पुसत म्हणाले, "सहा वर्सं मी पोरांना शानपन शिकवलं. लई सोपं असतंय ते."

अंबिकाकडं जायचं माझ्या मनात होतं आणि पाय उचलत नव्हते. सरांनी मला आठवडाभर काही विचारलं नाही. मग एके दिवशी रसूलभाईंना म्हणाले, "बाईंना सांगा, उद्या सकाळी कुंभारीची गाडी साडेआठला हाय." मी समोरच बसले होते. "सरांना सांगा, मी स्टॉपवर असेन," मी म्हणाले.

घरकुलांच्या रांगेत अंबिका दारातच सूप मांडीवर घेऊन बसली होती. वीसेक वर्षांची, शांत चेहऱ्याची. बोटं चालूच होती, पान, तंबाखू, दोरा. शेजारी धाकटी बहीण रेणुका तेंदूची पानं कापत होती. सरांना बघून अंबिका उठली, मला बघून पुन्हा बसली. मी उंबऱ्यापाशी उभी राहिले. वर्गात उभी राहते तशी ताठ उभी राहायला मला जमलं नाही.

"मी अंबिका," मी सुरू केलं. "मला शाळेत यायचं होतं. सरांनी माझ्या बापाला तयार केलं. महिनाभर मी आले. मग बाईंनी मला फळ्यासमोर उभं केलं, आणि माझ्या आईच्या कामावरून सगळ्यांना हसवलं. मला पाढा येत नव्हता, पण मी काही आईच्या पोटी जन्मून चूक केली नव्हती."

अंबिकानं बांधलेली विडी सुपात टाकली. "पाढा येत होता बाई," ती म्हणाली. "तुमी जवळ येऊन हुबा राह्यला, म्हनून भ्याले हुते मी. पंचवीसची एक जुडी हुती. हजाराला चाळीस जुड्या. विड्या वळायला पाढा लागतो की. तुमाला ठाव नव्हतं, एवढंच." तिनं हे रागानं म्हटलं नाही. एखाद्या ढ मुलीला समजावून सांगावं तसं सांगितलं, आणि ते मला फार लागलं.

सरांनी विचारलं, "रेणुका कितवीला हाय?"

"सातवी झाली. आता आटवीला दुसरीकडं घालनार. तुमच्या शाळेत न्हाई, सर."

चहा आला, तो आम्ही घेतला. परतीच्या गाडीत त्यांनी मला ना धीर दिला, ना टोमणा मारला. "ऊन लई हाय," एवढंच म्हणाले. सहा वर्षांनी सुरू झालेलं आमचं बोलणं इतपतच होतं, आणि तेवढंही मला पुष्कळ वाटलं. एकतीस मेला त्यांना शाल आणि नारळ देण्यात आला. मोठ्या बाईंनी भाषणात त्यांच्या जीवनकौशल्याच्या प्रमाणपत्राचा गौरवानं उल्लेख केला. सर शेवटच्या रांगेतल्या पोरांकडं बघून डोळे मिचकावत होते.

त्याच वर्षी दिवाळीनंतर सर गेले. मंद्रूपला, झोपेतच. चुलतभावाशी दावा तसाच राहिला. खांदा द्यायला मात्र तो चुलतभाऊ पहिला होता. मी गेले होते. आदल्या वर्षीच्या आठवी ‘ब’ची, आता नववीत गेलेली पोरंही आली होती, आणि सरांच्या शिस्तीनं कुणीही मोठ्यानं रडत नव्हतं.

पण मला सर आठवतात ते त्याआधीचे, जूनमधले. प्रवेशाचे दिवस होते, फॉर्म भरायला मी बसले होते. निवृत्त होऊन पंधरा दिवस झालेले सर एसटीनं आले, घामाघूम, आणि त्यांच्या मागं दोन वेण्या घातलेली रेणुका. त्यांनी तिचा दाखला माझ्यापुढं ठेवला. शेजारून मोठ्या बाई म्हणाल्या, "‘अ’ तुकडीत जागा आहे सर. तिथं गणिताला नवीन शिक्षक आलेत. चांगले आहेत, मुलांना आवडतात."

"नको," सर म्हणाले, "‘ब’मध्येच घाला. अंबिकाला इचारून आलोय. बाईंच्याच वर्गात घाला म्हणाली. एक वर्स बघू म्हणाली."

ते माझ्याकडं बघत नव्हते. रेणुका बघत होती. मी तुकडीच्या रकान्यात ‘ब’ लिहिलं, आणि तिला बसायला खुर्ची दिली.